फाडलेल्या साक्षीची सात वाक्यं

माझ्या हातात आज पेन आहे ते आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या सासऱ्यांमुळे, हे आधी सांगून टाकतो. सगळी मंडळी त्यांना पपा म्हणते. कौतुकाचा एवढा वैरी, आणि माणसाला लिहितं करायला एवढा झटणारा, असा दुसरा कुणी परळपासून गिरगावापर्यंत सापडायचा नाही.

पपांनी गिरगावातल्या एका छापखान्यात आयुष्यभर मुद्रितं तपासली. निवृत्त झाल्यावर छापखाना सुटला, तपासणं सुटलं नाही. लग्नपत्रिका आली की आहेराआधी तिच्यातल्या चुका त्या घरी पोचतात. उपासनेत मंडळीने गीताची ओळ खाल्ली तर पपा ती एकटे म्हणतात आणि मग शेवटपर्यंत सगळ्यांच्या एक ओळ मागून येतात. पेटीवाला बिचारा त्यांच्यासाठी थांबतो. एकदा जावयाची प्रार्थना फारच लांबली, तेव्हा आमेननंतर त्यांनी हळूच सांगितलं, की शेवटचा परिच्छेद काढला असता तरी प्रभूला कळलं असतं.

शनिवारी दुपारी चर्चमागच्या खोलीत आम्ही आठ-नऊ लिहिणारी ख्रिस्ती माणसं जमतो. तिथला कायदा पपांचा. 'छान' म्हणायचं नाही. म्हणेल त्याने सगळ्यांचे कप विसळायचे. वाचन संपलं की प्रत्येकाने आपल्या मनात राहिलेलं एक वाक्य सांगायचं, बस्स. "छान तर चहाही असतो," ते म्हणतात. "दुसऱ्याच्या तोंडून आपलं वाक्य ऐकलं की माणूस घरी जाऊन पुढचं लिहितो." पहिल्या महिन्यात मी इतके कप विसळले, की आमच्यातल्या नर्सबाई माझ्यासाठी वेगळा साबण आणू लागल्या.

मी जालन्याकडचा, आठवीतून शाळा सोडलेला. लोअर परळला ऑफिसांच्या एका इमारतीत मालाची लिफ्ट चालवतो. बाकीचे वाचायचे तेव्हा मला माझा श्वाससुद्धा अशुद्ध वाटायचा. पपांनी सहा महिने मागे लागून माझ्याकडून आईवर एक साक्ष, म्हणजे तिच्या विश्वासाची खरी हकिकत, लिहून घेतली. एका शनिवारी ती वाचली. सगळ्यांनी आपापलं वाक्य सांगितलं, आणि मग कॉलेजात शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, "किती शिकलात हो तुम्ही?" त्यांनी मायेनेच विचारलं असेल, पण खोलीवर पोचेपर्यंत मी त्या प्रश्नाचा डोंगर केला. कागद फाडून टाकले. दुसरी प्रत नव्हती. आता लिहिणं बंद, असं ठरवून पुढचे दोन शनिवार गेलोच नाही.

त्यानंतरच्या सोमवारी, भर दुपारी, पाण्याच्या बाटल्यांच्या खोक्यांतून वाट काढत पपा माझ्या लिफ्टमध्ये शिरले. मी सलाम केला, कितवा मजला विचारलं. जिथवर जाते तिथवर, म्हणाले. चौदाव्या मजल्यावर उतरले नाहीत. खाली आलो तरी उतरले नाहीत. तिसऱ्या खेपेला मीच कबूल केलं, की साक्ष फाडली.

"ठाऊक आहे," पपा म्हणाले. माझ्या खोलीतल्या सोबत्याने त्यांना फोनवर कधीच सांगितलं होतं. त्यांनी खिशातून सात चिठ्ठ्या काढल्या. आठवडाभर घरोघरी फिरून त्यांनी प्रत्येकाकडून त्या दिवशी सांगितलेलं वाक्य लिहून आणलं होतं. सगळ्यात वर कॉलेजच्या बाईंची चिठ्ठी: 'आई रविवारी कापूस वेचायला जायची नाही, म्हणून सोमवारी मुकादम तिला मुद्दाम काट्याकुट्यांची पात द्यायचा.' त्याखाली बाईंनी लिहिलं होतं, 'असं लिहायला कुठल्या शाळेत शिकवतात, ते मला विचारायचं होतं.'

मला समोरची बटणं दिसेनात.

"सात वाक्यं परत आलीत," पपा म्हणाले. "मधलं तुझं तू भर. आणि आता मला खाली सोड रे, गरगरायला लागलंय."

मधलं मी भरलं. नाताळात मंडळीच्या मासिकात साक्ष छापून आली. अंक द्यायला त्यांच्या घरी गेलो, तेव्हा पाळकसाहेबांच्या पत्नीने कपाटातला एक जाडजूड गठ्ठा दाखवला. पपांनी स्वतः लिहिलेलं, कित्येक वर्षांचं. आजवर कुणालाही वाचून दाखवलेलं नाही. मी विचारलं तर पपा म्हणाले, अजून एकदा तपासायचं राहिलंय. हल्ली त्यांना भिंगातूनही नीट दिसत नाही. माझ्या अंकावर ते हात फिरवत बसले.

मला अजूनही चारचौघांत वाचायची भीती वाटते. पण एका शनिवारी मी तो गठ्ठा घेऊन जाणार आहे. अडखळत का होईना, मी वाचेन, आणि पपांना नुसतं ऐकत बसवेन. त्यांचं एवढं तरी मला फेडायचंच आहे.