ताहेरुन्निसाची चोख तयारी

ताहेरुन्निसा परकार ही कतारच्या अल खोरमधली सर्वांत तयारीची बाई. पाहुणे यायच्या आदल्याच दिवशी त्यांनी जाताना न्यायचे डबे धुऊन ठेवणारी. लेक सुमैया अकरा वर्षांची झाली, तेव्हाच तिने धुण्याच्या खोलीतल्या कपाटात एक पिशवी भरून ठेवली: पॅड, गडद रंगाच्या चड्ड्या, शेकायची रबरी पिशवी, चॉकलेट. वर चिठ्ठी डकवली, ‘जुने पडदे’. म्हणजे नवरा हाफिज जन्मात हात लावणार नाही.

रमजानच्या एकोणिसाव्या सकाळी ती पिशवी उघडली. सुमैया घाबरून रडली. ताहेरुन्निसाने तिला जवळ घेतलं, पॅड कसं लावायचं ते दाखवलं, पोट शेकलं, वेणी घालून दिली. इथपर्यंत कुठल्याही आईने तिच्याकडून शिकावं.

“पाळीत रोजे नाहीत, म्हणजे आता आठवडाभर सुट्टी. पण पहाटे सेहरी खायला उठायचं, इफ्तारला सगळ्यांबरोबर बसायचं. दुपारी इथंच जेवायचं, वॉशिंग मशीन लावून. चावल्याचा आवाज जात नाही बाहेर.”

“पण अम्मी, इट्स अलाउड! मिसने सांगितलंय.”

“अल्लाची परवानगी आहे गो. पण अब्बांना कळता नये.”

अब्बा रास लफानच्या गॅस कारखान्यात सुपरवायझर, आणि कंपनीच्या बसमधला रेडिओ. रोज जाता-येता लेकीचे रोजे जाहीर करायचा. “अठरा झाले! तुम्ही घोडे लपून सिगारेट ओढता, माझी पोर पाण्याला शिवत नाही!” लग्नाला पंधरा वर्षं झाली, पण बायकोचा एकही रोजा कसा चुकत नाही, याचं त्याला कधी नवल वाटलं नव्हतं.

एकविसावा रोजा शुक्रवारी आला. बसमधले मित्र बायकांसह इफ्तारला येणार होते. घडीच्या खुर्च्या शोधत हाफिज दुपारी धुण्याच्या खोलीत शिरला, तर मशीनमागे सुमैया, तोंडात चपातीचा घास. तो खुर्च्या उचलून निघून गेला. ऐकायला चार माणसं नसली की त्याला बोलण्यात मजा येत नसे.

अजान झाली. सगळ्यांनी खजूर उचलले. हाफिजने सुमैयापुढची बशी ओढून घेतली.

“हिला कशाला? हिची इफ्तार दुपारी दोनलाच झाली! मशीनमागे लपून!”

बसमध्ये त्याच्या शेजारी बसणाऱ्या अश्फाकने हसता हसता सरबत सांडलं. “हाफिजभाय, मग ते वीस पण मशीनमागचेच काय?”

पलीकडे बसलेल्या बायका त्याहून मोठ्याने हसल्या. त्यांतल्या दोघींचा त्या दिवशी रोजा नव्हता.

सुमैयाने आईकडे पाहिलं. तिच्या पोटात कळा येत होत्या, पण त्याचं तिला काही नव्हतं. ती चोर नाही, एवढंच कुणीतरी म्हणायला हवं होतं.

“पोरगी आहे, भूक आवरली नाही,” ताहेरुन्निसा म्हणाली. “माफी माग अब्बांची.”

“सॉरी, अब्बा.”

हाफिजने मोठ्या मनाने माफ केलं. स्वतःच्या हाताने तिच्या तोंडात खजूर घातला. बाप असावा तर असा, असं अश्फाक दोनदा म्हणाला.

स्वयंपाकघरात ताहेरुन्निसाने लेकीचा हात घट्ट दाबला.

“शाब्बास,” ती कुजबुजली. “कुणाला काही कळलं नाही.”

सुमैयाने हात सोडवून घेतला आणि समोशांचा ट्रे उचलून बाहेर गेली.