जसंच्या तसं

कुसगावच्या मावशी खंडाळ्याच्या एका हॉटेलात खोल्या साफ करायच्या. आमच्या कामगार संस्थेत त्या दर रविवारी येत आणि खुर्ची रिकामी असली तरी दाराशी उभ्या राहूनच बोलत. एकदा संस्थेला निधी देणारे परदेशी पाहुणे आले. त्यांनी विचारलं, "तुम्हाला कसलं प्रशिक्षण हवंय?"

मावशी म्हणाल्या, "तुमी उतरलाय त्याच हाटेलात आमी बाया राबतो. हजेरी कार्ड न्हाई. उद्या काढून टाकलं तर पुरावा कुटला? मॅनेजरला तेवढं इचारा."

मी दुभाषी. निधी जाईल आणि मावशींची नोकरीही, या भीतीनं मी अडखळलो.

"जसंच्या तसं सांगा, भाऊ."

मी सांगितलं. पाहुण्यांनी मॅनेजरला विचारलं. पुढच्या महिन्यात सगळ्या बायांना कार्डं मिळाली. मावशींनी आपलं सगळ्यात शेवटी घेतलं.