अण्णाच्या टीव्हीतली होडी

पाडव्याच्या आधीचा रविवार. दुपार, जेवणं झाल्यावर. ठिकाण : निपाणी, अण्णाच्या घराची माडी. हजर : अण्णा (माझा थोरला भाऊ), प्रकाश (धाकटा), वहिनी (अण्णाची बायको, माहेर गोकाककडचं, घरची भाषा कन्नड) आणि मी. बाहेरचं कुणीही नाही.

हे आधीच लिहिलं, कारण असले अनुभव वाचताना मला याचाच राग यायचा. कोण होतं, कुठे होतं, पत्ता नाही... आणि शेवटी एकदम अंगावर काटा! मी बेळगावात एका पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये काम करते. बिघाड म्हटला की त्याला कारण असतं आणि ते मीटरवर दिसतं, एवढंच मी मानत आले. आजही मानते. एवढा एक रविवार सोडून.

आधी घरचं सांगते. दोन वर्षांपूर्वी कंग्राळीच्या यात्रेत, भरल्या पंगतीत, शब्दाने शब्द वाढला आणि अण्णाने प्रकाशचा पुढचा दात पाडला. प्रकाशने त्याच्या डोक्यात पाण्याची कळशी घातली. तेव्हापासून दोघांचं तोंड दोन दिशांना. आता प्रकाशच्या मुलीचं लग्न ठरलं, आणि पोरगी अण्णासाठी हटून बसली — "मोठे आप्पा आल्याशिवाय मी बोहल्यावर चढत नाही." अण्णा म्हणाला, पक्यानं माझ्या घरी येऊन बोलवावं. प्रकाश म्हणाला, जाईन, पण बोलणार काय?

म्हणून मी आमचा व्हिडिओ गेम काढला. लहानपणी तिघांनी जीव टाकून खेळलेला, कॅसेट घालायचा काळा डबा. शेजारी बसून खेळतील, हसतील, मग लग्नाचा विषय काढायचा — असा माझा बेत होता.

अडचण अशी की तो डबा अँटेनाच्या वायरीवर चालतो आणि अण्णाच्या जुन्या टीव्हीवर नुसत्या मुंग्या दिसत होत्या. उपाय सोपा. आतल्या बोर्डावरून चित्राचा सिग्नल थेट उचलायचा, एका ट्रान्झिस्टरने त्याला जोर द्यायचा आणि पिवळ्या पिनेने टीव्हीला जोडायचा. आवाजासाठी पांढरी पिन वेगळी. आधी चित्र, मग आवाज — एका वेळी एकच काम, ही माझी पद्धत.

पहिल्यांदा पडदा काळाच राहिला. मीटर लावल्यावर चूक सापडली. सर्किटचा नकाशा एका जातीच्या ट्रान्झिस्टरचा आणि माझ्याकडचा दुसऱ्या जातीचा; पाय उलटे. फिरवून पुन्हा सोल्डर केला. चित्र आलं, पण उभ्या रेघा मारत. वायर पॉवरच्या लाइनीला खेटून गेली होती, ती लांबून नेली. रेघा गेल्या. आता चित्र तेवढं वर वर सरकत होतं.

"पक्या, कॅसेट काढून फुंक रं," अण्णा म्हणाला. दोन वर्षांतलं पहिलं वाक्य.

"तूच फुंक. तुझ्या तोंडात सगळे दात हायत."

पण अण्णा हसला. खरंच हसला. "लई बोलायला लागलास. हरंल त्यानं लग्नात पंगत वाढायची, बोल!"

"व्हय, वाढ की. पण भात नीट वाढ, लोकाच्या तोंडावर नगं!"

लग्नाचा विषय आपोआप निघाला होता. मी मनातल्या मनात त्या कामावर खूण केली.

तेवढ्यात आवाज आला. घोगरा, हळू, अगदी जवळून. "होडी..."

"ऐकलंस, आक्का?" प्रकाश म्हणाला. "होडीचा गेम लागला बघ."

कॅसेटमध्ये तसा एक गेम होता — नदीत दगड चुकवत होडी न्यायची. आम्हा तिघांनाही कन्नड येतं, ऑफिसात दिवसभर तेच बोलतो. पण भावंडं एकत्र बसली की कान मराठीच असतात... आम्हाला होडीच ऐकू आली.

"चित्र सरकतंय, थांब," म्हणत अण्णाने टीव्हीच्या डोक्यावर थाप मारली. पूर्वी सगळेच मारायचे तशी. चित्र जागेवर बसलं!

"बघ सुमे, तुझ्या मीटरपेक्षा माझा हात भारी!"

"होडी."

अण्णाने दुसरी थाप मारली. चित्र बसलेलंच होतं, मारायची गरज नव्हती.

"होडी. होडी."

मग तो थांबेना. थापेची मूठ झाली. टीव्हीचं प्लास्टिक फुटलं, अण्णाची बोटं फुटली, रक्त पडद्यावरून खाली ओघळलं, आणि तो मारतच राहिला. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मी इतकी घाबरले नसते. प्रकाशने त्याला मागून मिठी मारली. अण्णाने टेबलावरची पक्कड उचलून मागे हाणली. भुवई उघडली. दुसरा घाव खांद्यावर बसला, हाड मोडल्याचं ऐकू आलं. प्रकाश खाली पडला आणि पडल्या पडल्या त्याने अण्णाचा पाय ओढून त्याचं डोकं फरशीवर आपटलं. एकदा नाही.

मी भिंतीतला प्लग उपटला. पडदा विझला.

"होडी."

पुढचं लिहायला जड जातं. माझ्या हातात सोल्डरिंगची गन होती, अजून तापलेली. ती मी कधी उचलली ते मला आठवत नाही. टोक प्रकाशच्या कानामागे होतं आणि केस जळल्याचा वास येत होता. मला ते करायचं होतं... एवढंच खरं लिहिते.

वहिनी चहा घेऊन जिन्यात आली होती. ट्रे खाली पडला. "मार मार म्हणून कोण सांगतंय?" ती ओरडली. आणि मग टीव्हीकडे तोंड करून, कन्नडमध्ये — "साकु! बिडी! बिडी!"

पुरे, सोडा. बिड्यांच्या या गावात तो शब्द दिवसभर कानावर पडतो, पण त्याचा तो दुसरा अर्थ त्या दिवशी आमच्या हातांना कळला. पक्कड पडली. माझ्या हातातली गन पडली. आवाज थांबला.

होडी म्हणजे कन्नडमध्ये ‘मार’. हे मला पहिलीपासून माहीत आहे.

दवाखान्यात अण्णा-प्रकाशने जिन्यावरून पडल्याचं सांगितलं. दोघांनीही, एकमेकांकडे न बघता. संध्याकाळी मी माडी आवरायला गेले. टेबलावर पांढऱ्या पिनेची वायर जशीच्या तशी, रबर लावून गुंडाळलेली होती. आवाजाचं काम मी अजून सुरूच केलं नव्हतं. अँटेनाची वायर तर आधीच काढलेली. त्या टीव्हीत आवाज जायला वाटच नव्हती.

मी सगळं तपासलं. कुठलं तरी कन्नड रेडिओ स्टेशन पकडलं असेल म्हणावं, तर प्लग काढल्यावर काय? तिघांना एकदम भास झाला म्हणावं, तर वहिनीने ते जिन्यातून ऐकलं होतं. लॅबमधल्या सरांना विचारलं, त्यांनी मलाच पुन्हा मीटर लावून बघायला सांगितलं.

वहिनीला मी एकच विचारलं. "तू ‘बिडी’ का म्हणालीस? ‘बिडु’, नुसतं ‘सोड’, का नाही? घाबरलेलं माणूस अरेतुरेच करतं की."

ती भांडी पुसत होती. "वन्सं, आवाज कुणातरी थोराचा होता. थोराला अरेतुरे कसं करायचं?"

"कुणाचा?"

"ते मला माहीत न्हाय. आणि तुम्ही पण विचारू नका."

प्रकाशचा खांदा अजून पट्ट्यात आहे. तरी तो स्वतः, एका हाताने, फोन करून अण्णाला म्हणाला, "ये रं लग्नाला. तू न्हवतास त्यो." अण्णा येत नाही. रुसून नाही. "माझ्या हातावर माझा भरवसा न्हाय पक्या. त्या खोलीत ते अजून जोडलेलं हाय. ते काढा, मग बघू." लग्न आता तोंडावर आलं आहे, आणि पोरगी रोज मला विचारते.

काम एवढंच : टीव्हीच्या मागची पिवळी पिन ओढून काढायची. लहान मूलही करील. मी त्यासाठी दोनदा निपाणीला जाऊन आले. माडी चढते, टीव्हीच्या मागे हात घालते... आणि पिनेपाशी पोहोचेपर्यंत माझ्या हाताची मूठ झालेली असते.

पिन काढायची राहिली आहे.