ठिणगी बघायला मेढ्याहून तासगावला

लोक मेढ्याला डोंगर बघायला जातात, मी गेले ठिणगी बघायला. आमच्या कंपनीची गॅसवर चालणारी दोन इंजिनं आहेत. एक मेढ्याजवळच्या डेअरीत, दुसरं तासगाव रस्त्यावरच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये. दोन्हींना शेणाचा आणि मळीचा गॅस. तो ओलसर झाला की साध्या प्लगच्या बारीक ठिणगीला दाद देत नाही आणि इंजिन बंद पडतं. प्लाझ्मा नावाच्या नव्या प्लगची ठिणगी जाड, निळी, जोरकस. डेअरीत ती तीन महिने चाचणीला होती, आणि ती तासगावला बसवायची की नाही हे माझ्या अहवालावर ठरणार होतं.

पुण्याहून सहाला निघालात तर खंबाटकी गर्दीआधी पार होते. साताऱ्यात मिसळ खाऊन घ्या, कारण मेढ्याच्या रस्त्याला लागलं की खाण्याची आठवणच होत नाही. डिसेंबरातलं धुकं खाचरांवर बसलेलं असतं. मी गाडी हळूहळू चालवत राहिले आणि कुठे पोचायचंय हेच थोडा वेळ विसरून गेले.

इंजिन सांभाळणारे संपतराव सैन्यातून निवृत्त झालेले. त्यांची नोंदवही उघडली, तर तिन्ही महिने रोज एकच नोंद: सब ठीक.

"काय तरास न्हाई, म्याडम. लय गुणी हाय," ते म्हणाले.

मी दुधाच्या कॅनवर बसून इंजिन ऐकत राहिले. एकसुरी घरघर, खिडकीबाहेर पांढरं धुकं. डोळे उघडे ठेवूनच मला डुलकी लागली असावी. जागी झाले तेव्हा मनातल्या मनात अहवाल लिहून झाला होता.

दुपारी निघाले. पेठ नाक्याला वळा आणि आष्ट्यात चहा घ्या. ऊसतोडीच्या दिवसांत अंधार पडायच्या आत सांगली गाठलेली बरी, कारण ट्रॉल्यांना मागचे दिवे असतातच असं नाही. रस्ताभर उसाचे तुरे उन्हात हलत होते आणि मी उगाचच खुशीत होते.

रात्री सांगलीत राहिले. सकाळी कोल्ड स्टोरेजवर तिथलं इंजिन सांभाळणारे दस्तगीरचाचा भेटले. साठी ओलांडलेले, हाताला थोडा कंप. त्यांच्या वहीत पानोपानी एकच शब्द: 'रुसलं'. 'पाचला रुसलं. पलग पुसला. चाललं.' हे रुसवे काढणं दुसऱ्या कुणालाच जमत नाही, म्हणून चाचा दोन वर्षं एक रात्रही गावाबाहेर राहिलेले नाहीत.

"ते नवं बसवा, म्याडम. मग चार दिस लेकीकडं वडूजला जातो. नातू आठ म्हयन्याचा झाला, अजून मांडीवर घेतला न्हाई," ते म्हणाले.

मी आनंदाने त्यांना मोबाइलवर मेढ्याच्या वहीचे फोटो दाखवले. त्यांनी एकेक फोटो मोठा करून पाहिला.

"रोज सब ठीक? फौजी हाय न्हवं त्यो? माझा भाऊ बी फौजेत हुता. सायबानं इचारलं की सब ठीक म्हनायचं, आन् सायेब गेला की गाडी ढकलायची. बंद पडलं का, असं इचारू नगासा. किती येळा चालू केलं, ते इचारा."

मी तिथूनच फोन लावला.

"चालू? व्हय की," संपतराव म्हणाले. "पहाटं धुकं असलं की दोन-तीनदा करावंच लागतंय. पन हुतंय चालू. मग सब ठीकच की."

खोटं ते बोललेच नव्हते. मीच 'ठीक'चा अर्थ माझ्या सोयीने लावला होता, याची मला लाज वाटली. त्याहून वाईट वाटलं ते चाचांचं, कारण आपली वडूजची सुट्टी त्यांनी आपल्याच तोंडाने घालवली होती.

"चाचा, आता मला नाही म्हणावं लागेल."

"म्हना की. बेदाना गरम झाला तर लोकांचं वरीस जातंय." एवढं बोलून ते प्लग पुसायला लागले.

घरी येऊन दोन पानं लिहिली. पहिल्यावर लिहिलं, प्लाझ्मा आत्ता नको. आणखी तीन महिने चाचणी, आणि इंजिन जितक्या वेळा चालू करावं लागेल तितक्या नोंदी. दुसऱ्यावर, ठिणगी कुठलीही असो, चाचांच्या हाताखाली दुसरा माणूस तयार करा आणि त्यांना सुट्टी द्या. पहिल्या पानाला त्याच संध्याकाळी होकार आला. दुसऱ्याबद्दल मी तीनदा विचारलंय, अजून कुणी काही बोललेलं नाही.

सांगलीहून आणलेलं भडंग संपलं, गाडीवरची धूळ गेली. परवा चाचांचा फोन आला आणि मी आधीच ओशाळले. त्यांनी सुट्टीचं काढलं नाही. फौजी आता खरं लिहितात का, एवढंच विचारलं. लिहितात, असं मी सांगितलं.

"मग व्हईल सुदारना," चाचा म्हणाले. "तवर नातू चालाया लागंल. त्योच यील हिकडं."