पारूबाईंची पुढची खोली

पारूबाई त्रिभुवन यांच्या घरी आलेल्या माणसाला आधी पाणी मिळतं, मग ताट, आणि नावगाव त्यानंतर विचारलं जातं. ही रीत त्यांच्या वडिलांपासूनची. ते पाचोडच्या बाजारादिवशी पायी जाऊन येशूची सुवार्ता सांगायचे. ज्या गावात कुणी बसायला ओटा दिला, तिथंच विश्वासणाऱ्यांची मंडळी टिकली, असं ते लेकीला सांगत.

छत्रपती संभाजीनगरच्या बसस्थानकामागं पारूबाईंचं घर आहे. वैजापूर, पाचोडकडची ख्रिस्ती माणसं घाटी दवाखान्यात पेशंट आणतात, मुलांना परीक्षेला आणतात, तेव्हा त्यांच्या पुढच्या खोलीत उतरतात. जाताना गावाकडची खबर इथं ठेवतात आणि इथली घेऊन जातात. कुठल्या वस्तीवर प्रार्थना सुरू झाली, कुठल्या गीताला नवी चाल लागली, हे पारूबाईंना चर्चच्या पाळकांच्याही आधी कळतं.

हल्ली मात्र घरोघरी गाड्या झाल्या. लोक संध्याकाळी परत जातात, खोली रिकामी राहते. मुलगा अतुल समजूतदार. आवाज न चढवता म्हणाला, की ती भाड्यानं देऊ. घर त्याच्याही कष्टाचं. पारूबाई बरं म्हणाल्या, पण तेव्हापासून त्या खोलीतली गादी रोज उन्हात टाकू लागल्या.

त्या शनिवारी वैजापूरहून एक पाळक मुक्कामाला यायचे होते, रविवारी चर्चमध्ये बोलायला. दुपारी बॅगवाला एक गृहस्थ दारात आला आणि म्हणाला, वैजापूरहून आलोय, त्रिभुवनांचं घर हेच का? पारूबाईंनी त्याला आत घेतलं, पाणी दिलं, ताट वाढलं. तो काही सांगायला लागला, की त्या आणखी भाजी वाढत आणि आधी जेवा म्हणत.

जेवण उरकत आलं तेव्हा त्यांनी नातीला, मोनालीला, बोलावलं. तिला दुसऱ्या दिवशी संडे स्कूलमध्ये बोलायचं होतं. पाळकांपुढं सराव होईल, असा आजीचा विचार. मोनालीनं भिंतीवर नकाशा लावला आणि सुरुवात केली. रोमच्या बादशहांनी रस्ते बांधले ते फौजेसाठी, जहाजं हाकली ती धान्यासाठी. त्याच रस्त्यांनी येशूचा प्रेषित पौल चालला, त्याच जहाजांत बसला. चर्चच्या इमारती तेव्हा नव्हत्याच. फिलिप्पै शहरात जांभळं कापड विकणाऱ्या लुदियानं त्याला आग्रहानं घरी नेलं. करिंथला अक्विला आणि प्रिस्किल्ला यांनी. ते जोडपं तंबू करायचं, पौलाचाही धंदा तोच.

पाहुण्याचा घास हातातच राहिला.

"बराबर हाय पोरी," तो म्हणाला. "आम्हीबी बाजाराची गावं धरूनच फिरतो. पण रस्ता निस्ता फाट्यापर्यंत नेतो. मुक्कामाला घर लागतं, अन् तिथं बसलं की गोष्ट निघते."

पारूबाईंना हे फार आवडलं. त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले. "पास्टर, आता तुम्हीच प्रार्थना करा."

पाहुणा गडबडला. "मावशी, मी बन्सी. कांद्याचं बियाणं विकतो. अतुलभाऊंनी खोली बघायला बोलावलं. गोदामाला पाहिजे व्हती. मघापासून सांगतोय, तुम्ही भाजी वाढताय."

मोनाली तोंड दाबून हसू लागली. मग पारूबाईंनी प्रार्थना स्वतःच केली, त्यात बन्सीच्या बियाण्यालाही चांगली उगवण मागितली, आणि त्याला खोली दाखवायला उठल्या. खिडकी कशी लागते ते दाखवलं. पावसाळ्यात कुठल्या कोपऱ्यात ओल येते, तेही लपवलं नाही. उन्हातून आणलेली गादी तेवढी उचलून कवेत घेतली.

अतुल आला आणि मोनालीनं दारातच त्याला सगळा घोटाळा सांगितला, तेव्हा बन्सी चपला घालत होता. खोली नको, म्हणाला.

"ओल आहे म्हणून?" अतुलनं विचारलं.

"ओलीचं काय नाय. इथं माझी पोती रचली, तर पुढच्या खेपेला मी उतरू कुठं?"

अतुलनं आईकडं पाहिलं. त्या अजून गादी धरून उभ्या होत्या. त्यानं ती त्यांच्या हातून घेतली आणि जागेवर अंथरली.

"खरे पास्टर कितीच्या गाडीनं यायचेत?" त्यानं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता त्यांना आणायला स्टँडवर गेला.