मंगळाचं मीठ

टाकीतलं पाणी काचेच्या उभ्या नळीत भरायचं, नळी उजेडाकडे धरायची आणि गाळ खाली बसेपर्यंत अर्धा तास टक लावून बघत राहायचं, ही आबांची रोजची सुरुवात. मी शेजारी चुळबुळत घड्याळ बघायचो. ते न वळताच म्हणायचे, "घाई नका करू, साहेब. जित्ता शेतस त्या. सवय लागू द्या त्यास्ले."

सुरतजवळच्या सचिनमधल्या एका रंगाई कारखान्यात मी केमिस्ट होतो आणि आबा सांडपाण्याच्या टाक्या सांभाळायचे. माणूस धुळ्याकडचा, राहायला नवागामला. रंगाच्या खाऱ्या पाण्यातली घाण टाकीतले जिवाणू खातात, पण मीठ वाढलं की तेच मरतात. मग आबा शेणकाला आणि गूळ घालून नवे वाढवायचे, आणि खारं पाणी आज तांब्याभर, उद्या दोन, असं चढवत न्यायचे. कुणी शिकवलं नव्हतं. नवं जनावर दावणीला रुळवावं तसं ते चालायचं.

बॉयलरवाला रोज ओरडायचा, "काका, तमारां ढोर चर्यां? दूध केटलुं आपे छे?"

आबा शांतपणे सांगायचे, "दूध नही देतस, भाऊ. तुमची घाण खातस, तेवढं बस झालं."

एकदा एका कॉलेजातल्या संशोधक मॅडम आल्या. मंगळाच्या मातीत परक्लोरेट नावाचं विषारी मीठ असतं, ते कुठले जिवाणू सोसतील, हे त्या शोधत होत्या. आबांनी हातातली नळी खाली ठेवली. असं मी आधी पाहिलं नव्हतं.

"तिथं पाणी शे का?"

"असलं तर थोडंसं, खारट," मॅडम म्हणाल्या. ते मीठ पेशीतलं पाणी ओढून घेतं, आतल्या प्रथिनांची घडी विस्कटतं. पण हळूहळू सवय लागली तर काही जिवाणू आत गोडसर द्रव्यं साठवून पाणी धरून ठेवतात, भिंत जाड करतात, एकमेकांना चिकटून राहतात.

"मंग आमच्यासारखंच," आबा म्हणाले. "गावाकडून आलो तवा एका खोलीत अकरा जण चिकटेल होतो."

मॅडम हसल्या. जाताना त्यांनी मला ते मीठ दिलं आणि आबांना शब्द दिला, की हे जिवाणू मंगळावरच्या पूर्ण मात्रेला तगले तर संशोधनात तुमचं नाव लिहीन. त्या दिवशी आबांनी चहा दोनदा मागवला.

एका कापलेल्या निळ्या कॅनमध्ये, माशांच्या टाकीला लावतात तसा हवेचा पंप लावून, आबांनी टाकीतले थोडे जिवाणू पोसायला घेतले. आठवड्याला मीठ थोडंसं वाढवायचं. चार महिन्यांत निम्मी मात्रा झाली.

आता जे सांगतो, ते बायकोलाही सांगितलेलं नाही.

मॅडमनी मेलवर विचारलं, कुठवर आलं? मी लिहून टाकलं, पूर्ण मात्रेला तगलेत. का लिहिलं? मोठ्या कामात आपण मागे दिसू नये म्हणून, एवढंच. त्यांचं उत्तर आलं, सोमवारी नमुना न्यायला येते. आबा भाचीच्या लग्नाला गावी गेले होते. शनिवारी दुपारी मी राहिलेलं सगळं मीठ एकदम कॅनमध्ये ओतलं आणि काठीने ढवळलं. दोन दिवसांत सवय होईल, अशी मनाची समजूत घातली. मी, रसायनशास्त्र शिकलेला माणूस.

सोमवारी पाणी दुधाळ झालं होतं आणि घाण वास सुटला होता. मॅडम आणि मॅनेजर वाकून बघत होते. मी म्हणालो, "आबा गावाला जाताना पंप बंद करून गेले बहुतेक."

तेवढ्यात आबा आले. बसमधून थेट, खांद्यावर पिशवी, कपाळावर लग्नाच्या अक्षतांचं कुंकू. त्यांनी कॅनमध्ये दोन बोटं बुडवली आणि नाकाशी नेली. मग माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. नळीतला गाळ बसायची वाट बघावी, तसं पाहत राहिले. मी पंपाच्या वायरकडे बघत होतो.

"काका, पंप बंद केला होता का?" मॅनेजरने विचारलं.

आबांनी बोटं पिशवीला पुसली. मग ते म्हणाले, "चुकी झाली, साहेब."

त्यांना टाक्यांवरून काढून घडी खात्यात कापडाचे तागे उचलायला लावलं. महिन्याभरात ते यायचेच बंद झाले. मॅडमनी दुसरीकडून जिवाणू मिळवले. बॉयलरवाला माझ्याशी बोलेनासा झाला, का ते मी विचारलं नाही. वाटलं, विसरेन. पण कुठलाही हवेचा पंप घुरघुरला की मी जागेवरून उठतो.

सहा वर्षांनी, मागच्या महिन्यात, मॅडमना फोन करून खरं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हे मला नाही, त्यांना सांगा."

पत्ता काढत नवागामला गेलो. त्यांच्या पत्नी दारात मेथी निवडत होत्या. आबा दोन वर्षांपूर्वी वारले होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, शनिवार, काठी, खोटं, सगळं. त्यांनी मेथी निवडणं थांबवलं नाही.

"त्यास्ले मालूम व्हतं," त्या म्हणाल्या. "रोज सांजले आठे, याच दारात बसेत. म्हनेत, साहेब येतीन सांगाले. आज नही ते उद्या."

"किती दिवस बसायचे?"

"शेवटच्या दिनलोंग."

मग त्या उठल्या, आतून आबांची वायरची खुर्ची आणली, पदराने पुसली आणि दारात मांडली. "बसा," म्हणाल्या.

माझ्याच्याने बसवलं नाही.