भावाचं जहाज

गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला माझ्या धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, माझा तो टीव्हीला जोडायचा जुना गेमचा डबा तुला हवाय का? नाहीतर भंगारात देतो. खोली रिकामी करतोय."

त्याच्या बायकोला सातवा महिना लागला होता आणि हडपसरच्या त्यांच्या फ्लॅटमधल्या छोट्या खोलीत पाळणा ठेवायचा होता. मी विचारलं, "सोबत काय काय आहे?"

"एक रिमोट, वायरी आणि तो समुद्री चाच्यांचा गेम. बाकीच्या डिस्क कुठे गेल्या देव जाणे."

"देऊ नकोस कुणाला. मी येते."

त्याच संध्याकाळी मी विश्रांतवाडीहून स्कूटर काढली. नवरा म्हणाला, "एवढी घाई कसली? भंगारवाला काय आजच येतोय?" त्याला काय सांगणार? ज्या वस्तूसाठी मी एकेकाळी आतल्या आत जळत होते, ती हा भाऊ आता भंगारात टाकायला निघाला होता. मला त्याचाही राग आला होता. टाकायचा हक्कसुद्धा त्याचाच.

बारा वर्षांपूर्वी आम्ही सगळे बिबवेवाडीत राहायचो, दोन खोल्या आणि एक गॅलरी. बाबा कारखान्यात होते. मी लॅब टेक्निशियनचा कोर्स करून नुकतीच कामाला लागले होते. सकाळी साडेसहाला घरोघरी जाऊन लोकांचं रक्त काढायचं, नमुने लॅबमध्ये पोचवायचे आणि दुपारी घरी यायचं. त्या वर्षी भावाला बारावीला एकाहत्तर टक्के पडले आणि घरात गेमचा डबा आला. मला पाच वर्षं आधी चौऱ्याऐंशी पडले होते. तेव्हा आम्ही हॉटेलात जेवायला गेलो होतो आणि मला मनगटी घड्याळ मिळालं होतं. मला ते घड्याळ आवडलं होतं. त्याचा डबा घरात येईपर्यंत खूपच आवडलं होतं.

तो चाच्यांचा गेम त्यानं हिवाळ्यात आणला. त्या मालिकेचे आधीचे भाग तो मित्राकडे खेळला होता. डोक्यावरून टोपी ओढलेला एक माणूस गच्च्यांवरून पळतो, गवतात लपतो आणि कुणाला कळायच्या आत काम उरकतो, असं काहीतरी. या भागात त्या माणसाला जहाज मिळालं होतं. सगळीकडे निळं पाणी, छोटी छोटी बेटं, आणि जहाज वेगात निघालं की खलाशी एका सुरात गायला लागायचे. मी तो गेम पाहिला कमी आणि ऐकला जास्त. पोळ्या लाटताना मला कळायचं, आता शीड उघडलं, आता तोफा सुरू झाल्या, आता कुणीतरी पाण्यात पडलं.

मला नेमका कशाचा हेवा वाटायचा ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. तो दुपारी चार वाजता, कुणाला काही न विचारता, भिंतीला टेकून बसू शकायचा. आई त्याच्या पायाजवळून केर काढत यायची आणि "पाय वर घे" एवढंच म्हणायची. मी टेकले की म्हणायची, "बसलीच आहेस तर लसूण सोल."

एकदा मी रिमोट मागितला. "थांब, एवढं मिशन होऊ दे," म्हणाला. ते मिशन दोन तास चाललं, मग त्याचा मित्र आला. दुसऱ्या वेळी दिला. मी जहाज सरळ खडकावर नेऊन आपटलं. तो खो खो हसला आणि रिमोट काढून घेत म्हणाला, "तुला नाही जमणार गं." मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. चार मिनिटं झाली होती.

त्यानंतर महिन्याभरानं, माझ्या सुट्टीच्या दिवशी, तो कॉलेजला गेला होता आणि आई मावशीकडे. बाबा गॅलरीत ट्यूब बदलायच्या तयारीत होते. मी हळूच टीव्ही लावला. मला फक्त खेळायचं होतं, शपथेवर सांगते. त्याचा गेम जिथे थांबला होता तिथून सुरू झाला. बंदरात त्याचं जहाज उभं होतं, लाल शिडांचं, दोन्ही बाजूंना तोफांच्या रांगा. तीन महिने खपून त्यानं ते सजवलं होतं. मला ते बंदरातून बाहेरही काढता येईना. मी किनाऱ्यावर उतरले, तर शिपायांनी पहिल्याच वळणावर मला मारलं. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा मारलं. मग मी बाहेर पडले, पहिल्या पानावर गेले आणि नवा खेळ सुरू करायचं बटण दाबलं. पडद्यावर प्रश्न आला की आधीचा सगळा खेळ पुसला जाईल, चालेल का? मला इंग्रजी येत होतं. मी हो म्हटलं.

नवा खेळ उघडला, समुद्रात वादळ सुरू झालं. मिनिटभर बघून मी टीव्ही बंद केला. थोड्या वेळानं बाबांनी मेन स्विच खाली केला, ट्यूब बदलली आणि पुन्हा वर केला.

संध्याकाळी भाऊ आला, त्यानं गेम लावला आणि किंचाळलाच. "बाबा, दुपारी मेन बंद केला होता?"

"हो. ट्यूब बदलली."

"माझा गेम गेला! सगळा गेला!"

मी ओट्यापाशी उभी राहून मेथी निवडत होते. तोंड उघडलं नाही. त्यानं तो गेम पुन्हा लावला नाही. पुढच्या वर्षी माझं लग्न झालं आणि मी विश्रांतवाडीला आले.

तर आता तो डबा माझ्या घरात आला. दुपारी दोनला मी लॅबमधून येते आणि मुलीची स्कूलबस पावणेपाचला. मधला वेळ माझा. पहिल्याच दिवशी पडद्यावर भावाचं नाव आलं. त्याच्याच खात्यावर खेळावं लागणार होतं. रोज डबा सुरू केला की तो त्याचं स्वागत करायचा, माझं नाही.

छत्तिसाव्या वर्षी अंगठे ऐकत नाहीत. पळायचं बटण दाबायचं तर मी उडी मारायचे. पहिल्या आठवड्यात तो टोपीवाला माझ्यामुळे इतक्या गच्च्यांवरून पडला की मलाच त्याची कीव आली. प्रत्येक वेळी वाटायचं, हे भावाला अठराव्या वर्षी दोन दिवसांत जमलं होतं. पण एक गोष्ट मला पहिल्या दिवसापासून जमली. दोन माणसं बोलत पुढे चालतात, आपण झुडपांतून त्यांच्या मागे जायचं, दिसायचं नाही आणि सगळं ऐकायचं. त्याचा मला सराव होता.

मग एका दुपारी मला जहाज मिळालं. मी शीड पूर्ण उघडलं, बेटं मागे पडली आणि माझे खलाशी गायला लागले. तेच गाणं. पहिल्यांदाच ते समोरून ऐकत होते. मला रडू आलं, पण ते आनंदाचं नव्हतं. हे एवढं चांगलं होतं? हे तो रोज अनुभवायचा आणि मी पलीकडे लसूण सोलत होते? मला त्याचा इतका हेवा वाटला की बारा वर्षांपूर्वीसुद्धा तेवढा वाटला नसेल. तेव्हा निदान माहीत तरी नव्हतं.

दीड महिन्यानं एका रविवारी सकाळी भाऊ घरी आला. आईनं दिलेलं लोणचं पोचवायचं होतं. नवरा मुलीला घेऊन पोहायला गेला होता. मी समुद्रकाठच्या एका किल्ल्यावर हल्ला करत होते. भाऊ दारातूनच ओरडला, "अरे! हा किल्ला! इथपर्यंतच आलो होतो मी. दे इकडे, मी करून देतो."

त्यानं हात पुढे केला. मी रिमोट दिला नाही. तो सोफ्याच्या हातावर बसून सूचना द्यायला लागला. डावीकडे घे, मागे हो, आता मार. मी त्याचं काही ऐकलं नाही आणि किल्ला घेतला.

"भारी गं," तो म्हणाला. "बाबांनी त्या दिवशी ट्यूब बदलली नसती ना, तर मीपण घेतला असता."

मी खेळ थांबवला. "बाबांमुळे नाही गेला तुझा गेम. मी पुसला."

तो हसला. मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला. "चुकून?"

"नाही. पुसू का म्हणून त्यानं विचारलं होतं. मी हो म्हटलं."

"पण का?"

"जळत होते तुझ्यावर."

"गेमसाठी? अगं, मागायचास ना मग!"

"मागितला होता."

"आणि मी दिला होता. तू जहाज आपटलंस खडकावर. मला आठवतंय चांगलं."

"चार मिनिटं दिला होतास."

"मोजली होतीस?"

"हो."

त्यानं पडद्याकडे बघितलं. किल्ल्यावर माझा झेंडा तसाच थांबला होता. मग तो म्हणाला, "मी बाबांशी आठ दिवस बोललो नव्हतो, ताई. ते जेवायला बसले की मी उठायचो. एक दिवस ते कंपनीतून येताना चिठ्ठी घेऊन आले. तिथल्या कुणा कम्प्युटरवाल्याला विचारलं होतं त्यांनी, पुसलेला गेम परत आणता येतो का. त्यानं सांगितलेलं सगळं लिहून आणलं होतं. काही उपयोग नव्हता त्याचा. मला म्हणाले, चुकलं माझं."

हे मला माहीत नव्हतं. आणि खरं सांगते, लाज वाटायच्या आधी मला पुन्हा हेवाच वाटला. बाबा त्याच्या गेमसाठी कारखान्यात लोकांना विचारत हिंडले होते.

मी चहाचं विचारलं. तो नको म्हणाला. दारात बूट घालताना म्हणाला, "माझं सोड. बाबांना सांग."

बुधवारी मी बिबवेवाडीला गेले. बाबा आता निवृत्त आहेत. मिक्सरचं भांडं उलटं करून त्याचे स्क्रू काढत बसले होते. मी समोर बसून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे बारा वर्षं मी उगाच ओरडतोय."

मेन स्विचला हात लावायच्या आधी बाबा मोठ्यानं विचारतात, "बंद करतोय, कुणाचं काही चालू आहे का?" घरात आता फक्त आई असते, तरी विचारतात. ही सवय कुठून आली, हा विचार मी कधी केला नव्हता.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"तुला हवं होतं तर बोलायचंस."

"तुम्ही विचारलंत कधी?"

बाबांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "तो हट्ट करायचा. तू नाही करायचीस. आम्हाला वाटायचं, ही समजूतदार आहे."

"समजूतदार नव्हते बाबा. गप्प होते."

"ते आत्ता कळतंय." ते पुन्हा मिक्सरकडे वळले. एक स्क्रू काढून म्हणाले, "त्याला फार लागलं का गं?"

झालं. पुन्हा तोच. मी उठून आईकडे स्वयंपाकघरात गेले.

पण पुढच्या सोमवारी दुपारी बेल वाजली आणि दारात बाबा. दोन बस बदलून एकटेच आले होते. म्हणाले, "दाखव बघू, एवढं काय आहे त्यात." मी त्यांना पाणी दिलं, पंख्याखाली बसवलं आणि जहाज बाहेर काढलं. शीड उघडलं तसे खलाशी गायला लागले.

"कोण गातंय हे?"

"माझी माणसं."

"बरं गातात." मग मधेच म्हणाले, "वारा मागून आहे, तेवढ्यात त्या बेटावर जाऊन ये." मी गेले. दोन तास ते हलले नाहीत. मुलीची बस यायची वेळ झाली तेव्हा स्वतःहून उठले आणि म्हणाले, "तू बरी चालवतेस."

हे त्यांनी घरी जाऊन आईला सांगितलं असणार आणि आईनं भावाला, कारण त्याच आठवड्यात त्याचा फोन आला. आमच्यात अजून थोडा अवघडलेपणा होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तो म्हणाला, "बाबा तुझा गेम बघायला आले होते म्हणे."

"हो."

"दोन तास?"

"हो."

"माझ्या वेळी एकदाही बसले नव्हते ते," तो म्हणाला. आवाज मला ओळखीचा वाटला. तसा आवाज मी इतकी वर्षं स्वतःच्या तोंडून बाहेर पडू दिला नव्हता, एवढंच.

मला वाईट वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण त्याहून जास्त बरं वाटलं, आणि ते लपवायला मी त्याच्या बायकोची तब्येत विचारली. बाळ आलं, बारसं झालं. बारशाच्या दिवशी तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुझा गेम झाला की डबा परत दे ना. बाळ दुपारी झोपतं तेवढ्या वेळात मी शेवटपर्यंत खेळीन म्हणतो. बाबांनाही बोलावतो."

"देते की," मी म्हटलं. "पण अजून बरीच बेटं राहिलीत माझी."

खरं तर माझा गेम संपून पंधरा दिवस झाले होते.